प्रतिक्रियेला उत्तर : जनुकांचा वाटा किती?

आपली प्रतिक्रिया मुद्द्याला धरून होती, म्हणून उत्तर दोन ओळींत आटोपत नाही. माझ्या मूळ लेखात, अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो, तरी त्याने होणारा त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे, असे मी लिहिले होते आणि त्याचे खापर मुख्यतः उपचारांतील विषमतेवर फोडले होते. ट्रिपल निगेटिव्ह गाठी (ज्यांच्या पेशींवर औषधांना धरता येणारे तीन नेहमीचे ग्राहक नसतात अशा) या स्त्रियांत जवळपास दुप्पट आढळतात, हा जनुकांचा भाग मी एका वाक्यात उरकला आणि वैद्यकात राजकारण घुसडले, असा आपला आक्षेप आहे.

एका वाक्यात उरकला, हे मान्य. या गाठींवर संप्रेरकरोधक गोळ्या चालत नाहीत आणि त्या झपाट्याने वाढतात, तेव्हा मृत्युदरातील फरकाचा काही वाटा त्यांच्याकडे जातोच. घानामध्ये त्यांचे प्रमाण जास्त आणि इथिओपियात बरेच कमी दिसते, त्यामुळे वंशपरंपरेचा हात नाकारता येत नाही. मात्र त्याच निरीक्षणावरून ‘कृष्णवर्णीय’ हा एकसंध जैविक गट नव्हे, हेही निघते, आणि ती बाजू आपण सोडून दिली आहे.

माझी खरी अडचण कालक्रमाची आहे. १९८०च्या सुमारापर्यंत दोन्ही गटांतील मृत्युदर जवळपास सारखे होते. पुढे मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) रुळली, टॅमॉक्सिफेन या संप्रेरकरोधक गोळीचा वापर वाढला आणि दरी पडत गेली. चार दशकांत जनुके काही बदलत नाहीत. नवे उपचार ट्रिपल निगेटिव्हवर चालत नव्हते म्हणून दरी पडली, असे आपण म्हणाल. पण ज्या गाठींवर टॅमॉक्सिफेन चालते, त्यांतही कृष्णवर्णीय स्त्रियाच जास्त दगावतात. ती गोळी रोज, निदान पाच वर्षे घ्यावी लागते, आणि मध्येच विमा सुटला की औषधाचाही खंड पडतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९०मध्ये जे केले, त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. मॅमोग्राममध्ये संशयास्पद काही दिसले की बायोप्सीची तारीख मिळवणे, कागदपत्रे भरणे, खर्चाची वाट शोधणे, भीतीने घरी बसलेल्या बाईला पुन्हा बोलावणे, एवढ्यासाठी त्यांनी माणसे नेमली. तपासणी मोफत वा स्वस्त होतीच. तेथील रुग्णांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण आधी ३९ टक्के होते, ते ७० टक्क्यांवर गेले. (गाठ लवकर सापडली की निदानापासून मोजलेली वर्षे वाढतात आणि हा आकडा आपोआपच काहीसा फुगतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून केवळ त्यावर विसंबत नाही.)

डेलावेअर राज्याचा अनुभव अधिक बोलका वाटतो, कारण तेथे मृत्युदरच मोजला गेला. २००२पासून त्या राज्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तपासणी, सोबतीला मदतनीस आणि विमा नसलेल्यांच्या उपचारांचा खर्च अशी व्यवस्था केली. २००९पर्यंत तपासणीतील वांशिक फरक संपला आणि मृत्युदरातील फरकही जवळजवळ मिटला. रुग्णांची जनुके तीच होती.

ट्रिपल निगेटिव्हविषयी मूळ लेखात स्वतंत्र परिच्छेद घालतो आहे. उपचारांतील विषमतेविषयीचे, आपल्याला राजकारण वाटलेले वाक्य मात्र तसेच ठेवतो. डेलावेअरमधील तो खर्च विधिमंडळाच्या मंजुरीनेच झाला होता.