वर्गात न जाता शाळा कशी सुधारावी

शाळा सुधारण्याचं काम तुमच्या टेबलावर येऊन पडलं असेल, तर पहिलं पथ्य हे की वर्गात पाऊल टाकायचं नाही. वर्गात मुलं असतात. त्यातल्या एकाला उभं करून चार ओळी वाचायला लावल्या, तर आखलेली सगळी योजना कोसळू शकते. सुधारणा कार्यालयातूनच करावी. तिथली वीज सहसा बिल थकलं म्हणून तोडलेली नसते.

आधी हिशेब मांडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे रोज 4 तास. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका गुरुजींकडे दोन इयत्ता, म्हणजे इयत्तेच्या वाट्याला 2 तास. आता दोघांपैकी एकाला बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, करा. शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं याच कायद्याचं कलम 27 सांगतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी सूटही तेच देतं. तेव्हा बिनघोर आदेश काढा. मागे राहिलेल्या गुरुजींकडे चारही इयत्ता, प्रत्येकीला 1 तास. तिसरी-चौथीला मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास वाटून दिले की विषयाला 15 मिनिटं. वह्या तपासणं यात धरलेलं नाही.

ही 15 मिनिटंही जास्त वाटत असतील तर माहिती मागवा. माहिती सकाळी 11 वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवावी आणि दुपारी 2 ची मुदत द्यावी. वर 'अतितातडीचे' लिहायला विसरू नका. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत आधीच भरलेली माहिती मागवणं उत्तम, कारण ती चुकण्याची शक्यता कमी. फक्त एक्सेलमधल्या रकान्यांचा क्रम बदला. मागच्या वेळी मुलगे, मुली, एकूण असं होतं ना? या वेळी एकूण, मुली, मुलगे. जुनी फाईल चिकटवता येत नाही आणि सगळं पुन्हा टंकावं लागतं. शेवटी 'हार्ड कॉपी दोन प्रतींत केंद्रप्रमुखांकडे' (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर, 'केंद्रा'वर, देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) एवढं जोडलंत की दुपारही गेली.

शालेय पोषण आहार हे दुसरं हक्काचं क्षेत्र. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. हजर मुलं 27 आणि ॲपवर 28 पडली, तर खुलासा मागवाच. 100 ग्रॅमचा प्रश्न आहे. वाचता न येणाऱ्या मुलांबद्दल असा खुलासा मागू नये. त्यांच्यासाठी रकाना असतो, पण तो भरताना मूल समोर असण्याची अट नसते. ही सोय जपा.

एका धोक्याची मात्र आधीच कल्पना देतो. काही शिक्षक मुलांना एकेक करून दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा वाचायला देतात. एका मुलाला तीन मिनिटं, 30 मुलांना दीड तास. मग अक्षरं ओळखणारी, शब्द वाचणारी आणि उतारा वाचणारी असे गट करून रोज तासभर त्या त्या गटाला त्याच्या पातळीचं शिकवतात. चौथीतलं मूल जोडाक्षराला अडत असेल तर ते खुशाल दुसरीतल्याशेजारी बसतं. महिन्या-दोन महिन्यांत ती वाचायला लागतात आणि इथेच सगळं बिघडतं. टाचणात, म्हणजे गुरुजींच्या पाठ-नियोजनाच्या वहीत, धडा सातवा, वर्गात बाराखडी! अशी विसंगती दिसली की शेरा मारा: 'अभ्यासक्रम नियोजनानुसार नाही.' तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं यासाठी 2021 मध्ये निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान आलं, 2026-27 पर्यंतचं उद्दिष्टही ठरलं. त्यासाठी फलक आणि शपथ आहे. फलकासोबतचा फोटो जिओ-टॅग केलेला असावा.

धोरणाच्या पातळीवर पोहोचलात तर प्रयोग राज्यभर एकाच वेळी करा. पाच शाळांत करून पाहिला तर तो फसतो हे पाचच शाळांना कळतं. 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांत धड्यांमागे वहीची कोरी पानं घातली, पुढे ती काढली. 2024 मध्ये गणवेश राज्यभर एकसारखा शिवायचं ठरलं; त्याच डिसेंबरात तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. निर्णय फिरवताना आधीच्या निर्णयाबद्दल चकार शब्द काढायचा नसतो.

एवढं करूनही एखाद्या वाडीवर मुलं घडाघडा वाचताना आढळली, तर त्या शिक्षकाला लगेच हेरा. कारवाई नको, त्याने सहानुभूती मिळते. त्याला तज्ज्ञ मार्गदर्शक नेमा आणि इतरांना 'वाचन कसे शिकवावे' हे शिकवायला आठवडाभर तालुक्याला बोलवा. त्याच्या वर्गासाठी शेजारच्या शाळेतला शिक्षक तात्पुरता द्या. ती शेजारची शाळा एकशिक्षकी निघाली, तर तिचं काय करायचं ते केंद्रप्रमुख बघतील. त्यांच्याकडे आणखी दोन केंद्रांचा अतिरिक्त पदभार आहेच.