फोटो बघण्याआधीच ते कसे बिघडवावेत

लग्नाचे दोन हजार फोटो एकेक करून बघायला तुम्हाला वेळ नाही, हे मान्य. म्हणून ते बघण्याआधीच बिघडवून टाकावेत. फोटो सांभाळण्याच्या आणि सुधारण्याच्या लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरमध्ये याची चोख सोय आहे. फोटो त्यात आत घेताना उघडणाऱ्या इम्पोर्टच्या खिडकीत उजवीकडे ‘अप्लाय ड्युरिंग इम्पोर्ट’ नावाचा कप्पा असतो. तो कायम मिटलेला ठेवा. मिटला म्हणून त्याचं काम थांबत नाही. मागच्या वेळी त्यात जे निवडलं होतं, ते या वेळीही बिनबोभाट लागू होतं.

पहिलं काम प्रीसेट, म्हणजे एका दमात कितीही फोटोंना लावता येणारा बदलांचा जतन केलेला संच, बनवायचं. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर काढलेला एकच फोटो घ्या. टेम्परेचर २९०० केल्विन, एक्स्पोजर अधिक ०.८५, नॉइज रिडक्शनचा (फोटोतले दाणे पुसण्याचा) ल्युमिनन्स ४५, असं करत करत तो फोटो झकास करा. मग प्रीसेट सेव्ह करताना ‘चेक ऑल’ दाबा. निवडक चौकटींवर टीक करत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम.

व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवणाऱ्या सेटिंगची, टीक मात्र विसरू नका, सगळी गंमत तिच्यात आहे. त्या त्या क्षणाच्या उजेडाप्रमाणे कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोसोबत व्हाइट बॅलन्स नोंदवलेला असतो, तोच ‘ॲज शॉट’. तुमचे २९०० केल्विन त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसतात. दुपारी लॉनवर मुहूर्त असेल तर भटजींसकट अख्खं वऱ्हाड निळं. ०.८५ मुळे नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवरची नक्षी गायब. ल्युमिनन्स ४५ मुळे आयएसओ १०० वर टिपलेली पैठणीची जर मेणासारखी गुळगुळीत. काही चिकट लोक वेगवेगळ्या आयएसओचे दोन-तीन फोटो निवडतात, प्रत्येकाचं नॉइज रिडक्शन वेगळं ठेवतात आणि ‘आयएसओ ॲडॅप्टिव्ह’ची टीक लावून प्रीसेट बनवतात. मग मधल्या आयएसओंचा हिशेब सॉफ्टवेअर आपला आपण लावतं. एवढी मेहनत कशाला?

रंगांसाठी सरळ विकतचा प्रीसेट घ्या. तोच तो, ज्यात हिरव्याचं सॅच्युरेशन उणे ६० असतं आणि पिवळ्याचा ह्यू नारिंगीकडे ढकललेला असतो. युरोपातल्या जंगलात उभ्या पांढऱ्या गाऊनला तो फार शोभतो. आपल्याकडे हळद विटकरी होते, आंब्याची डहाळी वाळते आणि हिरवा चुडा खाकी दिसतो. नवरीच्या आईने विचारलं, तर ‘सिनेमॅटिक लूक’ म्हणायचं. (हे उत्तर आजवर कुठल्याही आईला पटलेलं नाही, पण देण्याची पद्धत आहे.)

दुसऱ्या फोटोग्राफरने जेपेग दिले असतील तर त्यांनाही हाच प्रीसेट लावा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग आधीच चढवलेलं असतं. त्यावर तुमचं चढलं की पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक केस मोजता येतो.

त्याच कप्प्यातल्या कीवर्ड्सच्या (फोटो शोधायला जोडलेल्या शब्दांच्या) रकान्यात मागच्या कामाचे शब्द तसेच राहू द्या. मागचं काम प्लायवूडच्या शोरूमचं होतं ना? मग सप्तपदीच्या फोटोंवर ‘प्लायवूड, लॅमिनेट, दिवाळी ऑफर’ चढेल आणि एक्स्पोर्ट करताना सगळा मेटाडेटा (फोटोसोबत जाणारी लेखी माहिती) ठेवलात तर थेट ग्राहकाच्या घरी पोचेल. कॉपीराइट आणि नाव एवढंच असलेला मेटाडेटा प्रीसेट करून ठेवला, तर तो कुठल्याही उजेडातल्या कुठल्याही फोटोला निर्धोक लागतो. म्हणूनच त्यात मजा नाही.

फोल्डर ‘बाय डेट’ ठेवा. रात्री बारानंतरचा संगीताचा कार्यक्रम आपोआप दुसऱ्या फोल्डरात जातो. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर अर्धं लग्न अशा वर्षात सापडतं, जेव्हा नवरानवरीची ओळखही नव्हती.

प्रीव्ह्यू (पडद्यावर बघायच्या प्रती) सरसकट ‘वन टू वन’, म्हणजे पूर्ण आकाराचे, करा आणि संगणक त्यात गुंतला की चहाला जा. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये हे प्रीव्ह्यू ३० दिवसांनी टाकून देण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो, तो बदलू नका. अल्बमसाठी फोटो निवडायला मंडळी सहा महिन्यांनी उगवतात. तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही एखादा शहाणा सगळे फोटो निवडून ‘रीसेट’ दाबेल आणि तुमच्या कष्टांवर पाणी फिरवेल. प्रीसेटने मूळ रॉ फाइलला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेल्या फाइलला) हात लावलेला नसतो, सूचना फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत, असतात, त्यामुळे सगळं सहज परत येतं. याचा बंदोबस्त प्रेफरन्सेसमध्ये, ‘प्रीसेट्स’ टॅबवरच्या ‘रॉ इमेज डिफॉल्ट्स’मध्ये करता येतो. तिथे तोच २९०० केल्विनवाला प्रीसेट नेमून टाका. आता रीसेट दाबलं की रॉ फोटो पुन्हा तुमच्याच निळ्या वऱ्हाडावर येऊन थांबतो आणि दाबणारा स्वतःच्या मॉनिटरवर संशय घेऊ लागतो. त्याच यादीत ‘कॅमेरा सेटिंग्ज’ असाही एक पर्याय आहे. तो निवडला, तर ज्या कॅमेऱ्यांना लाइटरूमचा पाठिंबा आहे त्यांचे फोटो बरेचसे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसले होते तसेच उघडतात. त्याच्या वाटेला चुकूनही जाऊ नका.