एकच जांभळा रंग, दोन नावे: आपल्या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय,

आपण गेल्या शनिवारी आमच्या दुकानाला दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी तीनदा वाचला. मोटारीची छोटी प्रतिकृती सांगितलेल्या तारखेपेक्षा सहा आठवडे उशिरा मिळाली, तिचा डावीकडचा आरसा निखळलेला होता आणि मागितला होता 'प्लम क्रेझी' रंग, तर आम्ही 'इन-व्हायोलेट' नावाचा भलताच रंग आपल्या गळ्यात मारला, अशा आपल्या तीन मुख्य तक्रारी आहेत. पहिल्या दोन खऱ्या आहेत आणि त्यांबद्दल मी आपली क्षमा मागतो. माल कस्टममध्ये अडकला हे कारण खरे असले, तरी ते आपल्याला वेळेवर कळवणे माझे काम होते आणि ते माझ्याकडून झाले नाही.

तिसऱ्या तक्रारीबद्दल मात्र क्षमा मागणे मला जड जाते. 'फसवणूक' हा शब्द आपण तिथे वापरला आहे आणि तो वाचून दोन ग्राहकांनी आपली आगाऊ नोंदणी रद्द केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण मागवलेली १:१८ प्रमाणातील प्रतिकृती १९७० सालच्या प्लिमथ 'कुडा' या मोटारीची आहे. प्लिमथ आणि डॉज ही दोन्ही क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचीच अपत्ये. 'कुडा' आणि डॉजची 'चॅलेंजर' या त्या वर्षी एकाच मूळ सांगाड्यावर बेतल्या गेल्या आणि त्यांना रंगही पुष्कळदा एकाच डब्यातला लागला. परंतु विक्री दोन वेगळ्या नावांनी व्हायची असल्यामुळे प्रत्येक घराने त्या रंगाचे आपापल्या परीने बारसे केले. जो जांभळा डॉजच्या यादीत 'प्लम क्रेझी' होता, तोच प्लिमथच्या यादीत 'इन-व्हायोलेट' होता, आणि दोहोंचा सांकेतिक क्रमांक एकच होता: एफसी७. पिवळा डॉजकडे 'टॉप बनाना' आणि प्लिमथकडे 'लेमन ट्विस्ट', नारिंगी एकीकडे 'गो मँगो' आणि दुसरीकडे 'व्हिटॅमिन सी', हिरवा 'सब्लाइम' आणि 'लाइमलाइट', असा तो सगळा प्रकार आहे. (आंब्याचा मोह अमेरिकी मोटारींच्या डेट्रॉइट शहरालाही आवरला नाही, याची मला नेहमी गंमत वाटते.) खऱ्या मोटारीच्या बॉनेटखाली एक छोटी धातूची पट्टी असते आणि तिच्यावर रंगाचा हा क्रमांक ठोकलेला असतो. जुन्या मोटारीचा मूळ रंग पडताळताना जाणकार ती पट्टी पाहतात, कारण नावे जाहिरातीसाठी होती आणि कारखाना क्रमांकावर चालत होता. तेव्हा खोक्यावर 'इन-व्हायोलेट' लिहिलेले आहे हा आमच्या लबाडीचा पुरावा नसून उत्पादकाने नीट अभ्यास केल्याचा पुरावा आहे. उलट त्या खोक्यावर 'प्लम क्रेझी' छापलेले असते, तर मीच ते उत्पादकाच्या नजरेस आणून दिले असते.

आपल्याला छायाचित्रातला रंग लालसर वाटला आणि हातातला निळसर, असेही आपण म्हटले आहे. हा धातूची चमक असलेला जांभळा आहे, तो ट्यूबलाइटखाली निळ्याकडे झुकतो आणि उन्हात धरला की खुलतो. छायाचित्र काढले त्या आमच्या कपाटातले दिवे पिवळे आहेत, ही गोष्ट मी नाकारत नाही.

बॉनेट उघडल्यावर वरची काळी हवापेटी इंजिनालाच चिकटून राहते, म्हणजे जोडणी चुकली आहे, हे आपले वाक्य मी सोडून देणार होतो. परंतु ती पेटी मूळ मोटारीतही इंजिनावरच बसवलेली असते आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून वर डोकावते. इंजिन थरथरले की तीही थरथरते, म्हणून तर तिला 'शेकर' म्हणतात.

आता माझी चूक. आपण संदेशात "७० ची कुडा, प्लम क्रेझी" असे लिहिले होते आणि मी त्यावर नुसते "हो सर, नोंद केली" असे उत्तर दिले. नेमकी १९७० सालचीच कुडा मागणाऱ्या माणसाला हे ठाऊक असेलच, असे मी गृहीत धरले आणि आपल्याला सुधारणे मला उद्धटपणाचे वाटले. त्याच वेळी एक ओळ लिहिली असती, तर आज एवढ्या ओळी लिहाव्या लागल्या नसत्या. तरीही एक सांगावेसे वाटते. ऑर्डर कुठवर आली हे विचारण्यासाठी आपण रात्री साडेदहालाही फोन करत होता आणि मी तो प्रत्येक वेळी उचलत होतो. खोके उघडल्यानंतर मात्र एकदाही फोन न करता आपण थेट अभिप्राय लिहिला, याचे वाईट वाटले.

साडेसोळा हजार रुपये ही लहान रक्कम नाही, हे मला मान्य आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. लहान प्रमाणातील प्रतिकृतीही कस्टमच्या लेखी खेळण्यांतच मोडतात. त्या काळात मागवलेल्या मालावर आमच्यासारख्या एका गाळ्याच्या दुकानाला किती सुटते, याचा हिशेब मी येथे मांडत बसत नाही.

यापुढे अशा रंगांची दोन्ही नावे लिहिण्याचा आमचा प्रयत्न राहील, दिव्यांचेही काहीतरी करू आणि उशीर होत असल्यास शक्यतो आधी कळवू. निखळलेला आरसा कृपया टाकून देऊ नये. त्याची खुंटी शाबूत असेल, तर मी तो स्वतः बसवून देईन, त्याचे पैसे अर्थातच नाहीत. एवढे करूनही मोटार नकोशी वाटली, तर खोके आणि आतला थर्माकोल यांसह ती परत आणावी, पूर्ण रक्कम मिळेल. फक्त गुरुवारी दुकान बंद असते.

आपला नम्र,
दुकानाचा मालक