मध्यंतरानंतर जरा ढेपाळतो

सिनेमाबद्दल मत द्यायचं तर पहिली अडचण अशी की काही लोक त्यासाठी सिनेमा बघायला जातात. अडीच तास मोबाईल खिशात, शेजारी कुणाचं तरी पॉपकॉर्न आणि बाहेर आल्यावर डोक्यात नुसता गोंधळ. थोडं आवडलेलं असतं, थोडं नसतं. एका प्रसंगाला डोळे भरून आलेले असतात, ते का आले हे सांगता येत नसतं. अशा माणसाला ठाम मत कसं देता येणार? म्हणून अनुभवाने सांगतो, मत आधी तयार ठेवा. सिनेमा नंतर जमला तर बघा.

सुरुवात करणाऱ्यांनी एकच वाक्य पाठ करावं: ‘मध्यंतरानंतर जरा ढेपाळतो.’ हे कुठल्याही सिनेमाला चालतं, कारण मध्यंतरानंतर दोन समोसे खाल्लेला प्रेक्षकच ढेपाळलेला असतो. त्यातल्या ‘जरा’ला फार किंमत आहे. ‘जरा’मुळे तुम्ही मनाने मोठे आहात, मराठी माणसाच्या धडपडीची तुम्हाला कदर आहे, असं दिसतं. इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी खोडून काढलेलं नाही. फक्त एकदा पंचाईत व्हायची होती. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला. घरी बसून बघायचा, म्हणजे मध्यंतर नाहीच. मी सवयीने सोसायटीच्या ग्रुपवर वाक्य टाकून दिलं. सात अंगठे आले.

याउलट माझी सांगलीची मावशी. तिच्यासारखं कधीही करू नका. २०२३ च्या जुलैत ती भिशीतल्या तेरा जणींबरोबर ‘बाईपण भारी देवा’ला गेली. सगळ्या नऊवारीत. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा असा विषय, तेव्हा या मंडळींनी थिएटरच्या बाहेर फुगडीही घालून घेतली. त्या पावसाळ्यात गावोगावी हेच चाललं होतं. रात्री मी फोन करून विचारलं, ‘कसा वाटला?’

‘चांगला होता की. हसलो, रडलो. तेवढा वेळ गुडघा दुखला नाही बघ.’

संपलं. पटकथेबद्दल चकार शब्द नाही, छायाचित्रण नाही, स्त्रीवादाच्या अंगाने काही नाही. मी मदत म्हणून सुचवलं, ‘पण पात्रं जरा ठोकळेबाज नाही वाटली?’ ठोकळेबाज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ‘असतील,’ मावशी म्हणाली, ‘आमच्या भिशीत पण अशाच आहेत सगळ्या.’ आणि मग सभ्य माणसाने जे कधी विचारू नये ते तिने विचारलं: ‘तू बघितलास का रे?’

या प्रश्नाची तयारी हवी. ‘नाही’ म्हणणं हा अडाणीपणा आणि ‘हो’ म्हणण्यात धोका. समोरचा शेवटाबद्दल विचारू शकतो. नवशिक्यांनी ‘अजून पूर्ण नाही बघितला’ म्हणावं. थोडा सराव झाला की ‘ट्रेलरवरून अंदाज येतोच ना’. आणि या विद्येत मुरलेला माणूस एक सुस्कारा सोडून म्हणतो, ‘बघायची इच्छाच होत नाही हल्ली.’ यात सिनेमाही बाद, काळही बाद आणि विचारणाराही बाद.

ट्रेलरवरच्या मताला कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ची झलक आली. तिच्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात त्यावर मत नसलेला माणूस उरला नाही. ते असं नाचले असते की नसते, लेझीम हा नाच की खेळ, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर स्वतः मराठी असून असं कसं. शेवटी ते दृश्य काढून टाकायचं ठरलं आणि फेब्रुवारीत सिनेमा त्या दृश्याविना लागला. म्हणजे कोट्यवधी लोकांचं ठाम मत अशा दृश्याबद्दल होतं जे त्या सिनेमात नाहीच. ज्यांनी तिकीट काढून सिनेमा पाहिला त्यांना त्याबद्दल बोलायला काही उरलंच नाही. आता सांगा, फायद्यात कोण?

आता शब्दांकडे वळू. कुठलाही सिनेमा संथ वाटण्याची भीती असेल तर आधी त्याला परदेशात बक्षीस मिळालंय का ते पाहून घ्या. मिळालं असेल तर तो संथ नसतो, ‘संयत’ असतो. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो लागला सप्टेंबरात. मधले आठ महिने म्हणजे मतासाठी सुवर्णकाळ. सिनेमा कुणीच पाहिलेला नाही, बक्षीस मात्र सगळ्यांना माहीत. त्या काळात ‘विषय धाडसी आहे’ एवढं म्हणून पुरत होतं, विषय कुठला ते सांगायची गरज नव्हती. पुढे ज्यांनी पाहिला ते म्हणू लागले की धाडसबिडस काही नाही हो, बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला एक मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र एकमेकांजवळ बसतात, सगळं फार हळुवार आहे. अशा माणसांमुळे चर्चेची उंची खालावते.

बक्षिसांतही भेद ठेवायचा नाही. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ हे भारताकडून ऑस्करला पाठवले गेले, पण त्यांना नामांकन मिळालं नव्हतं. या फरकाच्या भानगडीत पडू नका. ‘ऑस्करपर्यंत गेला’ म्हणा. मुंबईहून पत्र टाकलं की तेही दिल्लीपर्यंत जातंच. आणि कुणी हटकलंच, तर नामांकन मिळालेल्या ‘लगान’चे दिग्दर्शक गोवारीकर मराठीच की, म्हणून विषय संपवा.

‘कोर्ट’चं निघालंच आहे तर एक कबुली देतो, ती पुढे सांगू नका. तो मी थिएटरात जाऊन पाहिला आहे. सत्र न्यायालयात लोकशाहीर नारायण कांबळेंचा खटला तारखांवर तारखा घेत चालतो. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो, खोली काळोखी होते आणि पडदाही काळा होतो. काय सुंदर शेवट, असं मनात म्हणत मी उठलो, पार्किंगमध्ये गर्दी व्हायच्या आत. रात्रीच ग्रुपवर लिहिलं, ‘अंधारावर संपवण्याचं धैर्य मराठीत फक्त याच दिग्दर्शकाकडे.’ चार वर्षांनी टीव्हीवर कळलं की त्या अंधारानंतरही सिनेमा आहे. तो न्यायाधीश कुटुंबाबरोबर सहलीला गेलाय, बाकावर डुलक्या काढतोय, पोरं ओरडून त्याला दचकवतात आणि तो एकाच्या कानाखाली ठेवून देतो. सगळ्या सिनेमाची किल्ली तिथे ठेवलेली आणि मी तोवर गाडी गिअरमध्ये टाकलेली. पण सांगायचा मुद्दा हा की माझ्या त्या मताला त्या रात्री एकोणीस अंगठे आले होते, आणि त्या एकोणिसांतल्या एकानेही म्हटलं नाही की अहो, पुढे अजून आहे.

रिमेकचा विषय निघाला की तोंड वाकडं करायचं. ‘वेड’ म्हणजे तेलुगू ‘मजिली’चा रिमेक, आपल्याकडे कथा संपल्या का, वगैरे. बोलता बोलता ‘पूर्वी बघा कसले ओरिजिनल पिक्चर निघायचे’ म्हणून ‘अशी ही बनवाबनवी’चं नाव घ्यायचं. १९८८ चा हा सिनेमा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या हिंदी ‘बीवी और मकान’वरून घेतला होता, हे त्या वेळी विसरायचं. तसं बघितलं तर उलटा रस्ताही वाहता आहे, ‘सैराट’वरून हिंदीत, कन्नडात, पंजाबीत सिनेमे निघाले. पण हिशेब साधा ठेवा. नवा असेल तर उचलेगिरी, तीस वर्षं झाली की अभिजात.

आता मालिका. इथे जरा थांबावं लागेल, कारण इथे ढोंगाला खरी कारागिरी लागते. सिनेमा न बघता बघितला असं भासवायचं असतं. मालिका रोज बघून बघत नाही असं भासवायचं असतं. आमच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मालिकांचं नाव काढलं की ते कान झाकून घेतात. ‘आमच्याकडे ही लावते, मी फक्त जेवायला तिथे असतो.’ आता साडेसात ते साडेनऊ जेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, म्हणजे जवळपास पाच वर्षं चालली. या पाच वर्षांत फक्त जेवायला बसून त्यांना अरुंधतीने कुठल्या वर्षी घर सोडलं, संजनाने कधी काय केलं, अनिरुद्ध कितव्यांदा सुधारला, सगळं तारीखवार पाठ झालेलं. त्यातला आशुतोष गेला त्या रात्री ते जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. मी घाबरून विचारलं, घरी सगळं ठीक? ‘त्याला मारायला नको होतं,’ म्हणाले. क्षणभराने सावरून, ‘म्हणजे ही म्हणत होती.’

हे ‘ही म्हणत होती’ शिकण्यासारखं आहे. मालिकेवरचं मत नेहमी दुसऱ्याच्या नावावर द्यावं: बायको, आई, कामाला येणाऱ्या मावशी. ‘समाजावर काय परिणाम होतो’ म्हणावं, त्या समाजात आपण सोडून सगळे. ‘चार दिवस सासूचे’ नावाची मालिका २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. त्यातला एकही कुणा पुरुषाने पाहिल्याची महाराष्ट्रात नोंद नाही.

गाण्यांचं फार सांगत नाही. पूर्वी अल्बम यायचे, कॅसेटची दुसरी बाजू ऐकणारा तो खरा रसिक, असं म्हणा आणि आवडतं गाणं विचारलं की दुसऱ्या बाजूचं शेवटून दुसरं सांगा. पहिल्या बाजूचं कोणालाही आवडतं. हल्ली रीलपुरती गाणी निघतात म्हणून हळहळा. संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ला २०२४ च्या एप्रिलमध्ये उथळ म्हणा, मेमध्ये भाच्याच्या हळदीत त्यावर नाचा आणि जूनमध्ये ‘त्यातला ठेका आपला खानदेशी आहे हो’ म्हणून अभिमान बाळगा. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. ते सगळं व्हायोलिन आम्ही वर्षभर मंडळाच्या डीजेच्या भिंतीसमोर ऐकलं, त्यात व्हायोलिन असल्याचं मला फार उशिरा, हेडफोन लावल्यावर कळलं. तेव्हाही कुणाला बोललो नाही.

राहता राहिला अभिमान. मराठी सिनेमाला खेळ मिळत नाहीत याची चीड आलीच पाहिजे, आणि ती खोटी नाही, खरंच मिळत नाहीत. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. मग वादावादी होऊन तो प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा ठरला. दुपारी सव्वाबाराचा प्राइम टाइम! असं काही कानावर आलं की पेटून उठा. पहिल्या आठवड्यात ‘मराठी माणसाने आता जागं व्हायला हवं’ असं लिहा. दुसऱ्यात ‘अरे, लागला कधी आणि गेला कधी?’ तिसऱ्यात ‘ओटीटीवर आला की बघू’. १२ सप्टेंबर २०२५ ला तर एकाच शुक्रवारी ‘दशावतार’ धरून तीन मराठी सिनेमे लागले. मी दिवसभर पोस्टरं पुढे पाठवत होतो, अंगठा दुखून आला. ‘दशावतार’बद्दल मत सोपं होतं: दिलीप प्रभावळकर, वय ८१, ‘या वयात!’ भूमिकेबद्दल बोलायला सिनेमा बघावा लागतो, वयाबद्दल बोलायला नाही. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ, म्हणजे या मावशीचाच थोरला, मराठी सिनेमाचा एकुलता एक खेळ असला तरी तास-सव्वा तास गाडी हाणत जातो. मी त्याला एकदा समजावलं, बाबा, तुला तिथे करमत नाही म्हणून तू बघतोस. आम्ही इथेच आहोत, आम्हाला गरज नाही.

सध्या मावशी गुडघा दाखवायला पुण्यात आली आहे, आमच्याकडेच उतरली आहे. काल तिने नातवाकडून परस्पर दोन तिकिटं काढून घेतली. मराठी सिनेमा, उद्या बुधवार, सकाळी दहा चाळीसचा खेळ. शहरात आता तेवढा एकच उरलाय. एक तिकीट तिचं, एक माझं. मी म्हटलं, ऑफिस आहे. म्हणाली, सांग मावशीचा गुडघा दाखवायचाय. वर म्हणाली, ‘आणि तो फोन घरी ठेव. मागच्या दिवाळीत बघितलं तुला, अंधारात सारखा उजेड पाडत बसतोस.’

त्यामुळे मत मी आत्ताच ग्रुपवर टाकून मोकळा झालो. अकरा अंगठे आलेत. खालच्या मजल्यावरच्या जोशींनी मात्र विचारलंय की मध्यंतर नेमकं कुठल्या प्रसंगावर होतं. उद्या सांगतो, म्हटलं.