लेव्हरकुसेनचे विजेतेपद आणि आपल्या लीगचा करार

14 एप्रिल 2024 रोजी बायर लेव्हरकुसेनने वेर्डर ब्रेमेनला 5-0 असे हरवून बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचे, आपले पहिलेवहिले विजेतेपद मिळवले. दुसऱ्याच दिवशी कोलकात्यात मोहन बागानने मुंबई सिटीवर 2-1 अशी मात करून इंडियन सुपर लीगची शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, जिंकली. कोलोनमध्ये, म्हणजे लेव्हरकुसेनच्या अगदी शेजारच्या शहरात राहत असल्यामुळे मी ते दोन्ही दिवस मोठ्या उत्साहात घालवले. पुढे सव्वा वर्षाने, जुलै 2025 मध्ये, भारतीय लीगचा नवा मोसम अनिश्चित काळासाठी पुढे ढकलला गेला, कारण भारतीय फुटबॉल फेडरेशनने 2010 मध्ये एका व्यावसायिक भागीदाराशी केलेला 15 वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि त्यापुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. तेव्हापासून मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या मित्रांशी होणाऱ्या प्रत्येक बोलण्यात एकच प्रश्न येतो: आता पैसा कोण घालणार? त्याला जोडून दोन ठाम विधानेही येतात. पदावनती, म्हणजे तळाच्या संघाला खालच्या विभागात पाठवणे, लागू केली तर गुंतवणूकदार पळून जातील, हे एक. आणि जर्मनीसारखे सभासदांचे क्लब आपल्याकडे चालणार नाहीत, हे दुसरे.

माझे म्हणणे असे आहे की पैसा कोण घालणार यापेक्षा त्या पैशाच्या बदल्यात आपण काय आणि किती वर्षांसाठी देऊन टाकणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि 2023-24 चा जर्मन मोसम याच प्रश्नावर ढवळून निघाला होता.

डिसेंबर 2023 मध्ये पहिल्या दोन विभागांतील 36 क्लबांच्या बैठकीत एका प्रस्तावावर गुप्त मतदान झाले. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील 8 टक्क्यांपर्यंतचा वाटा 20 वर्षांसाठी एका गुंतवणूकदाराला द्यायचा आणि त्या बदल्यात सुमारे 1 अब्ज युरो घ्यायचे, असा तो प्रस्ताव होता. दोन तृतीयांश बहुमतासाठी 24 मते लागत होती आणि नेमकी 24 मते मिळाली. हॅनोव्हरच्या सभासद-संस्थेने आपल्या प्रतिनिधीला विरोधात मत देण्याची सूचना दिलेली होती. ती पाळली गेली की नाही, यावरून मोठे वादळ उठले. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी देशभरातील प्रेक्षक निषेध म्हणून पहिली 12 मिनिटे गप्प बसले, आणि नव्या वर्षात मैदानांवर टेनिसचे चेंडू पडू लागले. हे दृश्य जवळून पाहण्यासारखे असते. पंच खेळ थांबवतात, गोलरक्षक हातमोजे घातलेल्या हातांनी पिवळे चेंडू गोळा करतो, चेंडू उचलणारी मुले पिशव्या घेऊन धावतात, आणि मैदान साफ होते न होते तोच पुन्हा एक पिवळा पाऊस पडतो. सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणीही फेकली गेली. बर्लिनमध्ये हेर्था आणि हॅम्बुर्ग यांचा सामना अर्ध्या तासाहून अधिक वेळ थांबला. अखेर 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने हा सगळा व्यवहार गुंडाळला.

आपल्याकडे 2010 च्या करारात 8 टक्के नव्हे, तर फेडरेशनचे जवळपास सगळे व्यावसायिक हक्क, नवी लीग (आजची इंडियन सुपर लीग) सुरू करण्याच्या अधिकारासह, 15 वर्षांसाठी एकाच भागीदाराकडे गेले. त्या पैशाने स्टेडियमचे दिवे उजळले, दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण सुधारले, चांगले प्रशिक्षक आले, आणि हे मी मनापासून मान्य करतो. परंतु त्या वेळी मत देण्याचा अधिकार असलेला एकही प्रेक्षक नव्हता, आणि ज्या क्लबांनी आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय लीगची, पहिली सहाही विजेतेपदे गोव्यात आणली, त्या धेंपो, चर्चिल आणि साळगावकर यांच्या भवितव्याचा विचार त्या आराखड्यात नीट झालाच नाही. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, ते याच कारणाने.

सभासदांच्या क्लबांविषयी बोलताना मात्र आपण परदेशस्थ मंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतो. जर्मनीत क्लबच्या व्यावसायिक संघात बाहेरचा पैसा आला तरी मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे, असा नियम आहे. परंतु त्या मोसमाचा विजेता या नियमाला अपवाद आहे. लेव्हरकुसेनचा क्लब 1904 मध्ये बायरच्या कामगारांसाठी स्थापन झाला आणि आजही तो त्या कंपनीचाच आहे. 34 सामन्यांत 28 विजय, 6 बरोबरी आणि एकही पराभव नाही, अशी कामगिरी प्रशिक्षक शाबी अलोन्सोच्या संघाने केली, आणि बायर्न म्युनिकची सलग 11 विजेतेपदांची मालिका खंडित झाली. ती मालिका हाही जर्मन व्यवस्थेतला दोषच आहे. सभासदांच्या मताने पैशाची विषमता जात नाही.

म्हणून खरा फरक कंपनी की सभासद, असा नाही. महिंद्रा युनायटेड हाही कंपनीचाच संघ होता. कूपरेजवर खेळणाऱ्या त्या संघाने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो बंद करण्यात आला. बायरने ‘विजेतेपद न मिळालेला क्लब’ हा शिक्का इतकी वर्षे सोसूनही संघ चालू ठेवला. बालेवाडीत 2014 ते 2019 खेळलेला एफसी पुणे सिटी बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली, आणि 2025 मध्ये तोच संघ दिल्लीचा झाला. ज्या लीगमध्ये संघ असा गावोगाव हलवता येतो, तिथे प्रेक्षकाने जीव लावावा तरी कशाला?

पदावनतीचे भय किती खरे आहे, हे मला माझ्याच शहरात दिसले. 18 मे 2024 रोजी कोलोनचा संघ हायडनहाइममध्ये 4-1 असा हरला आणि दुसऱ्या विभागात गेला. हायडनहाइम हे जेमतेम 50 हजार वस्तीचे गाव, त्याचा तो पहिल्या विभागातला पहिलाच मोसम, आणि तो आठव्या क्रमांकावर राहून युरोपीय स्पर्धेसाठी पात्र ठरला. माझे शेजारी, निवृत्त ट्रामचालक, कोलोनचे जुने सभासद आहेत. लेव्हरकुसेनच्या विजयातला फ्लोरियान विर्त्झ हा कोलोनच्याच युवा संघातून तिकडे गेलेला, त्यामुळे तो मोसम त्यांना दुहेरी लागला. तरीही त्यांनी जूनमध्ये मोसमाचे तिकीट नव्याने काढले. दुसऱ्या विभागात स्टेडियम भरतच राहिले, आणि 2025 मध्ये कोलोन त्या विभागाचे विजेते होऊन परतले. खाली गेलेल्या क्लबला प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा वाटा, परवान्यासाठी दरवर्षी होणारी आर्थिक तपासणी आणि खालच्या विभागातही चांगले सामने, एवढे असले की पदावनती म्हणजे क्लबचा मृत्यू ठरत नाही. आपल्याकडे ती मृत्यूसारखी वाटते, कारण खाली काहीच उभे केलेले नाही.

महाराष्ट्रातला वाचक इथे सहकाराकडे बोट दाखवील, आणि त्याचे ते बरोबरच आहे. एक सभासद, एक मत या तत्त्वावर उभे राहिलेले साखर कारखाने काही घराण्यांच्या हातात कसे गेले, हे आपण पाहिले आहे, आणि फुटबॉल क्लबात तसे होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून मी जर्मन नियम जसाच्या तसा आणा, असे म्हणत नाही. नव्या करारात तीन कलमे असावीत, एवढाच माझा आग्रह आहे: प्रेक्षकांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय क्लबचे गाव बदलता येणार नाही; हक्कांचा करार थोड्या वर्षांचा असेल आणि क्लबांच्या मतदानानेच त्याचे नूतनीकरण होईल; आणि बढतीबरोबर पदावनतीही ठरलेल्या वर्षापासून लागू होईल, खाली जाणाऱ्या क्लबला दोन मोसमांच्या आर्थिक आधारासह. 2023 पासून आय-लीगमधून वर, इंडियन सुपर लीगमध्ये, जाण्याचा रस्ता उघडला आहे, आणि धेंपो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला आहे. त्याला वर जाण्याची संधी मिळणार असेल, तर वरच्या कोणाला तरी खाली उतरावे लागेल, हे करार लिहिणाऱ्यांनी पहिल्याच पानावर मान्य केले पाहिजे.