एका शब्दासाठी शिकागो

सातशे नव्याण्णव शब्द झाले होते. एकच अडला होता.

थंडी पडली की आमच्या सीमाभागात साहित्य संमेलनांची सुगी सुरू होते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी... रविवारी कुठं ना कुठं ग्रंथदिंडी निघालेलीच असते. पुढं लेझीम, मध्ये पालखी, मागं फेटे सावरत चालणारे साहित्यिक. अशाच एका संमेलनाच्या स्मरणिकेला 'पावसातलं बेळगाव' या विषयावर आठशे शब्द द्यायचं मी कबूल करून बसलो होतो. भर थंडीत पाऊस का, हे संपादकांना विचारलं नाही. मानधन शाल आणि नारळ, त्यात शंका विचारणं बसत नाही.

वाक्य असं होतं : 'पाऊस थांबला तरी आमच्या जुन्या घराच्या कौलांवरून कितीतरी वेळ अमुक गळत राहायच्या.' या 'अमुक'च्या जागी काय? कौलांच्या कडेवरून ओळीनं जे पाणी पडत राहतं, ज्याच्याखाली आई घागरी लावायची आणि आम्ही पोरं तळहात धरून उभे राहायचो, त्याला शब्द आहे. चांगला घरचा शब्द. स्त्रीलिंगी आहे, बहुतेक वेळा अनेकवचनात येतो, एवढंसुद्धा आठवत होतं. लग्नात एखादा माणूस भेटतो, त्याचं गाव, आडनाव, सासुरवाडी सगळं आठवतं, नाव तेवढं आठवत नाही, तसं झालं.

"थेंब लिहा की," बायको म्हणाली.

"थेंब पुल्लिंगी आहे."

"मग धारा लिहा."

"धारा म्हशीच्या काढतात."

"मग म्हशीवरच लिहा," असं म्हणून ती आत गेली.

लेक पुण्याला असते. तिला फोन केला तर म्हणाली, "बाबा, आता सगळं ऑनलाइन असतं. लिहिणाऱ्यांना तर किती सोयी आहेत!" सोय हा शब्द ऐकला की मी सावध होतो. आधी फोनवर टाइप करण्याची सोय घ्या. मी लिहिलं 'सह्याद्रीच्या दऱ्या', उमटलं 'सह्याद्रीच्या दर्या'. अख्खा समुद्र डोंगरावर चढवला. तो अर्धा र काढायची खुबी वेगळी आहे, आणि ती समजेपर्यंत माझा चहा निवला. मग बोलून लिहायची सोय घेतली. फोन तोंडापुढं धरून म्हटलं, "बाहेर पाऊस पडालाय." उमटलं, 'बाहेर पाऊस पडलाय.' आता पुण्यात याचं काही वाटणार नाही. खरं बेळगावात 'पडालाय' म्हणजे छत्री घ्या, आणि 'पडलाय' म्हणजे चप्पल जपून टाका. यंत्रानं नुसता काना काढून माझा पाऊस थांबवला.

(वर 'खरं' लिहिलं तेही आमच्याकडचंच. आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'. 'यायचं होतं खरं पाऊस आला.' शुद्धलेखन तपासणाऱ्या एका सोयीनं मला 'खरं'नंतर पूर्णविराम सुचवला होता. मानला असता तर माझं निम्मं आयुष्य पूर्णविरामावर संपलं असतं.)

असो. शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, सुधारून वाढवून १८५७ साली. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. पुढं दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडानं आला. पूर्वी हे खंड बघायला वाचनालयात जाऊन ग्रंथपालांची मर्जी सांभाळावी लागायची. आता दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शहापुरातल्या माझ्या आईच्या तोंडचा शब्द, गोऱ्या अधिकाऱ्यानं टिपलेला, अमेरिकेत ठेवलेला, आणि मी तो अनगोळच्या बाल्कनीत बसून शोधणार, कारण तिथंच रेंज येते.

पण कोशाची एक अडचण आहे. शब्द माहीत असेल तर अर्थ सांगतो. शब्दच हरवलेल्या माणसाला त्याचा उपयोग, किल्ली हरवलेल्याला कुलपाचा होतो तेवढाच. नाही म्हणायला अर्थाच्या मजकुरात शोधायची तिथं सोय आहे. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत, म्हणून छपराच्या कडेला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवलं, 'ईव्हज'. स्पेलिंग मी आदम-ईव्हमधल्या ईव्हचं घातलं. छपराशी संबंध नसलेलं काहीबाही समोर आलं. मग दाते-कर्व्यांकडं वळलो. त्यांचे अर्थ मराठीत, खरं ते १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीच्या मराठीत. मी 'काही' शोधतो, ते 'कांहीं' लिहून बसलेत. मी 'मध्ये', ते 'मध्यें'. दोघांच्या मध्ये अनुस्वारांचा एवढा सडा पडलेला की गाठच पडेना.

तरी एक सांगतो, कोशात वाट चुकण्यासारखं सुख नाही. 'वळचण' सापडली. म्हणजे छपराच्या कडेखालची जागा, माझ्या शब्दाची सख्खी शेजारीण. तिच्यापाशी जरा टेकलो. तिथून अडकित्त्यावर गेलो. अडकित्ता मूळचा कानडी. कानडीत अडिके म्हणजे सुपारी आणि कत्तरि म्हणजे कात्री. अण्णा, अक्का, अप्पा तर तिकडलेच. मग कानडी शब्दांसाठी 'अलर' नावाचा कोश उघडला. व्ही. कृष्ण नावाच्या गृहस्थांनी अनेक वर्षं एकट्यानं खपून दीड लाखावर नोंदी केल्या आणि २०१९ साली सगळ्यांना खुल्या केल्या. दीड लाख! आणि मला एक सापडत नव्हता. साडेअकरा वाजले. दूध उतू गेलं, त्याचा दोष माझ्यावर आला.

लेकीचा निरोप आला : 'वनलुकवर उलटा शोध घ्या.' यात म्हणे आपण अर्थ सांगायचा आणि त्यानं शब्द द्यायचा. मी चकित झालो. ही तर माझ्या वयाच्या माणसांची सोय! फक्त मराठीत नाही. मराठीत असा उलटा कोश माझ्या बायकोजवळ आहे, तिला 'ते हे कुठंय' विचारलं की ती बरोबर वस्तू देते. मोडक्या इंग्रजीत विचारलं, 'पाऊस थांबल्यावर छपरावरून पडणारं पाणी.' आलेल्या यादीत 'ईव्हज्ड्रिप' दिसला, आणि स्पेलिंगमधला हरवलेला ए सापडला. खरं म्हणजे त्याच पावली मोल्सवर्थकडं परत जायला हवं होतं.

गेलो नाही. कारण मध्येच मी एआयला विचारून बसलो होतो, आणि त्यानं ताबडतोब उत्तर दिलं : 'कौलबिंदू'. वर हा शब्द कोकणात फार जुना असल्याचंही सांगितलं. 'कौलबिंदू' हे एखाद्या अपार्टमेंटचं नाव वाटतं, असं मी लिहिलं. 'आपलं अगदी बरोबर आहे,' असं म्हणून त्यानं 'छज्जाजल' दिला. तोही नाही म्हटल्यावर 'आपली भाषेची जाण उत्तम आहे' असं प्रमाणपत्र दिलं. जन्मात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. शब्द मात्र दिला नाही.

मग ईव्हज्ड्रिपचं मूळ बघायला एटिमऑनलाइनवर गेलो. इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारी ती जागा. तिथं वाचलं ते इतकं मजेचं होतं की बायकोला ऐकू जावं म्हणून बाल्कनीतून मोठ्यानं सांगू लागलो. "अगं, ऐकलीस का? इंग्लंडात छपराचं पाणी दुसऱ्याच्या जागेत पडू नये म्हणून हद्दीपासून अंतर सोडून घर बांधायचे. त्या मधल्या पट्टीत उभं राहून जो घरातलं बोलणं चोरून ऐकायचा, त्याला म्हणायचे ईव्हज्ड्रॉपर!" हद्द म्हटलं की आमचे कान टवकारतातच, १९५६ पासूनची सवय आहे.

बायकोनं ओ दिली नाही. कंपाउंडच्या पलीकडून आवाज आला, "पागोळ्या."

शेजारच्या अक्का. गोकाकच्या माहेरवाशीण, घरात चोवीस तास कानडी. जुन्या घरापासूनचा शेजार, हातात कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"काय म्हणालात, अक्का?"

"पागोळ्या हो, मास्तर. सकाळधरनं ऐकालोय. तुमच्या आई नव्हत्या का, पाऊस उघडला की वरडायच्या, 'पागोळ्याखाली घागर लावा गं!' आमच्यात सूरिन नीर म्हणतात."

मी मोल्सवर्थ उघडला. पागोळी होती. बघितल्यावर काय, असणारच.

"खरं मास्तर," अक्का चिमटा तोंडात धरून म्हणाल्या, "आता तुमच्या घराला स्लॅब हाय की. पागोळ्या कुठनं गळणार?"

मी वाक्यात 'जुन्या' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि लेख पाठवून दिला.

स्मरणिका संमेलनाच्या दिवशी हातात आली. मांडवात बसून आधी माझं पान काढलं. 'कौलांवरून कितीतरी वेळ पाकोळ्या गळत राहायच्या.' ग चा क कुठल्या सोयीनं केला, माझ्या फोननं की छापखान्यातल्या संगणकानं, कळायला मार्ग नाही. दुपारच्या परिसंवादात बाहेरगावचे एक समीक्षक उठले आणि म्हणाले, की पाऊस थांबल्यावर कौलांवरून पाखरं गळताना दाखवणारी ही प्रतिमा अलीकडच्या मराठी ललित लेखनात त्यांना कुठं आढळली नाही, आणि लेखक सभागृहात असतील तर त्यांनी उभं राहावं.

मी शाल सावरत उभा राहिलो.