वाघाचा गू, जिलेबी आणि पीएचडीवाले

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आज सकाळी सकाळी एकानं पीएचडीच्या विषयांची यादी टाकली. कुणी कोळ्यांवर करतंय, कुणी लावणीतल्या दागिन्यांवर, कुणी शेणातल्या किड्यांवर, आणि खाली लिहिलेलं की बघा आपल्या टॅक्सचे पैसे कुठं चाललेत. मग काय, डोळ्यांतून पाणी काढून हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांगच लागली. एकानं "पीएचडी करून काय दिवे लावणार" हे टाकलंच, ते टाकल्याशिवाय आजकाल कुणाला राहवत नाही, 2023 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात एका मोठ्या नेत्याच्या तोंडून निघालं, नंतर दिलगिरी पण व्यक्त करून झाली, पण वाक्य मागं राहिलं ते राहिलंच. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथं लिहिलं की "मॅडम सिरियस झाल्या" येतं. इथं लिहितेय, लांबणार आहे, ज्यांना रील बघायच्यात त्यांनी खुशाल पुढं जा.

तर, मी बारावीला होते त्या वर्षी आमच्याकडं एक ताई राहायला आली होती. माहेर आमचं जुन्नर तालुक्यात, घर वस्तीवर, तिन्ही बाजूंनी ऊस. आणि ती वर्षं म्हणजे वाघाची भीती नुसती. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, उगाच कुणी कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. दिवेलागण झाली की पोरं घरात, दाराला कडी, आणि रात्री मोटर चालू करायला जायचं तर दोघं-तिघं मिळून हातात बॅटऱ्या. अशात ही ताई कुठल्यातरी कॉलेजातून आली, तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, ओळखीनं आली म्हणून पडवीत तिला खाट मिळाली. सकाळी उजाडलं की निघायची बांधाबांधानं, चारीच्या कडेनं, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. काय गोळा करते, तर वाघाचा गू.

वस्तीला करमणूक झाली. तात्या तर जेवताना पण थांबेनात. "आपण पोरं शिकवतो शेण काढायला लागू नये म्हणून, आन् ही एवढं शिकून गू गोळा करतीय." ती पण हसायची बिचारी. बरं नुसता गोळा करून थांबत नव्हती, तो धुवायचा, गाळायचा आणि मग पत्र्यावर वाळत घालायचा. त्याच पत्र्यावर आजीच्या कुरडया. त्या दिवशी आजीनं जो अवतार धारण केला तो मी जन्मात विसरणार नाही. शेवटी मधे विटांची ओळ लावून पत्र्याची वाटणी झाली, भावाभावांत जमिनीची होते तशी, रीतसर, दोन पंच बोलावून.

हे मला आज का आठवलं तर ग्रुपवर यादी टाकणारा जो शहाणा आहे तो पण आमच्याच तालुक्यातला. त्याचा डीपी काय आहे माहितीये? खोडदच्या रस्त्यावर जीएमआरटीच्या, म्हणजे आभाळातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीच्या, डिशसमोर गॉगल लावून. अरे बाबा, ती डिश काय तुझ्या फोटोसाठी उभी केलीय का? गोविंद स्वरूप नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ माणूस होता, त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी आपल्या टोमॅटो-कांद्याच्या रानात 45 मीटर व्यासाच्या 30 डिशा उभ्या केल्या, त्या पण भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांची जाळी दोरखंडांवर ताणून, म्हणजे वजन कमी, वाऱ्याचा मार कमी आणि खर्च तर फारच कमी. आणि त्या ऐकतात काय, तर अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज, मेलेल्या ताऱ्यांची टिकटिक. 2023 च्या जूनमध्ये विश्वभर पसरलेल्या गुरुत्वलहरींच्या, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटांच्या, गुणगुणीचा पुरावा जगातल्या वेगवेगळ्या गटांनी एकदम जाहीर केला ना, त्यात आपल्या खोडदची निरीक्षणं होती. टोमॅटोला भाव मिळतो का त्यानं? नाही मिळत. मग पाडायच्या का डिशा?

आणि एकाच तालुक्याचं बोलायचं तर बोलतेच आता. बोरीला कुकडीच्या काठावर मातीत राखेचा थर सापडला, 1980 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तो बघितला आणि कामाला लागले. ती राख आपली नाहीच. पार सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, उडत उडत इथवर आलेली, आणि त्या थराच्या संगतीनं दगडाची हत्यारं, म्हणजे त्या काळात तिथं माणूस होता. राख टोबाच्या 74 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली की त्याच्याही आधीच्या, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. चिमूटभर राखेवरनं! मला हे भांडण इतकं आवडतं म्हणून सांगू. आमच्या भावकीत बांधावरनं भांडणं होतात, ती पण इतकी वर्षं चालतात, पण त्यातनं कुणाला काही कळत नाही.

मग नाणेघाट. पावसाळ्यात जाऊन रिल्स काढता, उलटा धबधबा बघता, त्या गुहेत भिंतीवर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे, यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी, सगळा हिशोब. धर्माचा अभ्यास करणारा त्यात यज्ञ बघतो, लिपीवाला अक्षरं बघतो, गणिताच्या इतिहासवाले त्यातले आकडे बघायला येतात, कारण दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं आकडे कसे लिहायचे त्याचा तो फार जुना पुरावा. भिंत एकच. एकाला दुसऱ्याचं कळत नाही आणि कळायची गरज पण नाही. म्हणजे एका तालुक्यात एक जण वर आभाळात कान लावून बसलाय, एक जण नदीकाठची राख खरवडतोय, एक जण भिंतीवरचे आकडे मोजतोय आणि आमच्या पडवीतली ताई वाघाचा गू धुतेय. मला तरी हे ऐकून छाती फुगल्यासारखं होतं. तुम्हाला हसू येतं.

परत ताईकडं येते. तिनं सोबत एक सूक्ष्मदर्शक आणला होता, लहानसा. गूमधनं जे केस निघायचे ते धुऊन, काचेवर ठेवून बघायची. शेळीचा केस वेगळा, कुत्र्याचा वेगळा, डुकराचा वेगळा, वरचे खवले आणि आतली पोकळी बघून ओळखतात. मला दाखवलं होतं. एका दुपारी आजी पण आली, पदर सावरत, आणि हळूच म्हणाली, "आमचा मोत्या हाय का बघ गं त्यात." मोत्याला दिवाळीच्या आधी नेला होता, अंगणातनं, साखळीसकट. ताई एकदम गप्प. मग तिनं खरंच बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "कुत्र्याचे आहेत आजी, पण कुठला कुत्रा ते यात नाही कळत." खोटं बोलली असती तरी चाललं असतं, आजीला काय कळणार होतं. नाही बोलली. त्यानंतर आजीचा तिच्यावरचा राग गेला, आणि दोन दिवसांनी तर आजीच सांगायला लागली, "ए पोरी, तिकडं चारीच्या मोरीपाशी पडलंय, ताजं हाय."

आता "पण उपयोग काय" हा प्रश्न येणारच, माहितीये मला. घ्या. 2001 ते 2003 च्या दरम्यान आमच्या भागातले वाघ पिंजरे लावून पकडले आणि लांब नेऊन सोडले, लोकांचीच मागणी होती, माझे तात्या पण त्या मोर्चात होते. वाघांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर सगळे आकडे मांडले तर उलटंच दिसलं. आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले माणसांवर व्हायचे, ही उचलून सोडायची मोहीम चालू झाल्यावर सरासरी 17. सतरा! अनोळखी मुलखात सोडलेलं बिथरलेलं जनावर, दुसरं काय होणार. आणि शेजारच्या अकोले तालुक्यात याच लोकांनी गू तपासून दाखवलं की वाघाच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं 39 टक्के कुत्रीच, म्हणजे गावात उकिरडे आणि मोकाट कुत्री जितकी जास्त तितकं वाघाचं बस्तान पक्कं. हे कुणाला कळलं? पिंजरा मागणाऱ्यांना नाही, भाषण करणाऱ्यांना नाही. गू गोळा करणाऱ्यांना कळलं. हल्ले आजही होतात, आणि ज्याच्या घरातलं लेकरू गेलंय त्याच्यापुढं हे आकडे वाचायची माझी हिंमत नाही, ते मान्य.

पण खरं सांगू का, उपयोग दाखवला की तुम्ही गप्प बसाल म्हणून मी हे लिहीत नाहीये. उपयोगाचं निघालं तर वाघाची ताई पास होईल आणि लावणीतल्या दागिन्यांवाली नापास होईल, आणि मला तीही हवीय. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे म्हणून होते, मूळचे देवरुखचे, चाळीसेक वर्षं तिथल्या पोथ्या सांभाळल्या त्यांनी. त्या माणसानं जिलेबीचा इतिहास शोधला. नथीचा शोधला. फटाके आपल्याकडं कधी आले ते शोधलं. पोथ्यांमधल्या एकेका ओळीवरनं! आज नथीवर, जिलेबीवर पोस्टी पाडून हजार हजार लाइक घेता ना, त्यातली अर्धी माहिती कुठून कुठून फिरत त्या माणसाच्या टेबलावरनं आलीय. त्याची यादी आज ग्रुपवर आली असती तर तिच्यावरही हेच दात काढले असते तुम्ही.

आणि दामोदर कोसंबी! गोव्याच्या कोसबेचे, गणिताचे प्राध्यापक, आधी फर्ग्युसनला, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरला. हा माणूस जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत घालून वजन करत बसायचा. का, तर वापरात नाणं झिजतं, वजन घटतं, तर संख्याशास्त्र लावून कुठली नाणी आधीची कुठली नंतरची ते काढता येतं. तोच माणूस भर्तृहरीच्या श्लोकांची शेकडो हस्तलिखितं ताडून शुद्ध प्रत काढतो. तोच पुण्याच्या आसपास पायी फिरून गारगोटीची बारकी हत्यारं वेचतो. आणि त्याच माणसानं 1944 साली गुणसूत्रावरचं जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं, ते आजही पिकांचे वाण सुधारणारे लोक जनुकांचे नकाशे काढताना वापरतात, कोसंबी फंक्शन म्हणून. आता मला सांगा, याचा "विषय" काय लिहाल फॉर्मवर? आणि असल्या माणसाला स्कॉलरशिपच्या मुलाखतीत कुणी विचारलं असतं की नाण्यांचं वजन करून समाजाला काय फायदा, तर?

डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश तर मी ग्रुपवर सांगणारच नाही, एखाद्याला झटका यायचा. 1948 ला काम सुरू झालं, दीड हजाराच्या आसपास ग्रंथांमधून कोटीभर चिठ्ठ्या काढल्या, आणि इतकी वर्षं झाली तरी छापील खंड अजून 'अ'च्या पुढं गेलेले नाहीत. मलाही कधी कधी वाटतं की जरा हात उचला राव. पण मग भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते, हस्तलिखितं ताडून काढलेली शुद्ध प्रत. 1919 ला सुरू, 1966 ला पूर्ण, 1259 हस्तलिखितं. तिचे संपादक सुकथनकर, त्यांनी ज्या कामाची घडी बसवली त्याचा शेवट त्यांना बघायलाच मिळाला नाही, 1943 ला गेले. पुढच्यांनी पुरं केलं. ईएमआयच्या जमान्यात आपल्याला हे झेपत नाही एवढंच.

हो, बोगस पीएचड्या आहेत, कॉपी-पेस्ट आहे, प्रमोशनसाठी केलेलं आहे, गाइडच्या घरचा किराणा भरणारी पोरं मी पण बघितलीत, बस, झालं समाधान? त्याच्यावर यादी काढा ना मग. त्यावर कुणी काढत नाही, कारण तिथं आपलेच मामा-काका निघतात. हसायचं कुणावर, तर जो पोरगा फेलोशिपचे पैसे थकले म्हणून खोलीचं भाडं तुंबवून बसलाय आणि तरी रात्री टॉर्च घेऊन कोळी मोजायला जातोय त्याच्यावर. त्याच्या थिसिसचं नाव लांबलचक आहे, त्यात दोन शब्द आपल्याला कळत नाहीत, झाला विनोद. आपण रोज ऑफिसात जे करतो त्याचं नाव तसं कागदावर लिहिलं तर? मी बँकेत आहे, मला विचारा. माझ्या अख्ख्या दिवसाच्या कामाला एका ओळीचं नाव दिलं तर माझी आईसुद्धा हसेल.

असो, जरा जास्त चिडले. यादी टाकणारा वाईट नाहीये, माझ्या लग्नात दोन दिवस राबलाय तो. ताई पुढं कुठं गेली ते मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, त्या काळात मोबाइल नव्हता तिच्याकडं, आणि आजी गेली तेव्हा तिला कळवायला पत्ता पण नव्हता.

आत्ता लिहिता लिहिता माहेरी फोन झाला. शेतकी कॉलेजातली दोन पोरं घरी येऊन गेलीत म्हणे, कांद्यावरच्या फुलकिड्यांचा अभ्यास आहे, आपल्या वावरात निळे चिकट सापळे लावायचेत आणि दर आठवड्याला येऊन किडे मोजायचेत. तात्या आता सत्तरी पार. मी म्हटलं काय सांगितलं मग? तर म्हणे, "लावा म्हणलं. पाइपलाइनच्या अंगाला नको, पोरं तुडवित्यात. आन् येताना फोन करून या, च्या टाकायला बरं."